पाणी कुठल्या बाजूने आलं

सर्व्हेअर आले ते अकराव्या दिवशी,
फरशी तीनदा फिनेलने पुसून झाल्यावर.
वाघचौरे नाव. बूट दाराबाहेर काढले,
मोजे ओले होतील म्हणून तेही,
आणि अनवाणी उभे राहून विचारलं,
"पाणी कुठल्या बाजूने आलं, मॅडम?"

खालून, म्हटलं. न्हाणीच्या जाळीतून.
खाडीला उधाण, धारण तलावात गाळ,
अख्ख्या कोपरखैरण्याच्या गटाराला
त्या रात्री जायला जागा नव्हती,
ते माझ्याकडे आलं.

त्यांनी लिहून घेतलं.
"दारातून आलं तर पूर.
जाळीतून आलं तर गटार उलटलं.
पूर पॉलिसीत आहे. गटार नाही."

दारातूनही आलं.

"आधी कुठून?"

तीस वर्षं मी बेलापूर रोडवरच्या रंगाच्या कारखान्यात
ब्युरेटसमोर उभी राहिले.
एक थेंब जास्त पडला तर बॅच परत तपासायची.
पण दिवे गेलेले, मांडीपर्यंत काळं पाणी,
डोक्यावर गॅसची शेगडी,
तेव्हा पहिला थेंब कुठला
ते मला नाही सांगता येणार.

भिंतीवर पेन्सिलच्या रेघा आहेत, मृण्मयीची उंची,
दर वाढदिवसाची.
पाणी तिच्या पहिल्या वाढदिवसाच्या वर
आणि दुसऱ्याच्या खाली थांबलं होतं.
तपकिरी काठ अजून आहे.
वाघचौरेंनी टेप लावली, फोटो काढला.
"मुलगी कुठे असते?"
पुण्याला. माझ्याहून उंच आहे.
हे त्यांनी लिहिलं नाही.

कपाट, घसारा सत्तर टक्के.
फ्रिज, नव्वद.
सासूबाईंचं शिवणयंत्र, पावती नाही, शून्य.
घसारा म्हणताना त्यांचाही घसा बसला,
मी पाणी दिलं. बिसलेरीचं.
"मी फक्त लिहितो, मॅडम," म्हणाले.
मोजे हातात घेऊनच गेले.

तीन महिने भिजत घोंगडं. मग एका दुपारी
दोन पाकिटं एकदम.
पहिल्यात, आपल्या ठिकाणी पूर आल्याचे सिद्ध होत नाही.
दुसऱ्यात, आपला परिसर पूरप्रवण गणला गेल्यामुळे
हप्ता सहा हजार आठशे चाळीसवरून
पंधरा हजार दोनशे दहा.
दोन्ही कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.
खाली सही एकाच माणसाची.

फोनवरची मुलगी गोड होती.
गटाराचं वेगळं कव्हर मिळतं म्हणाली,
फक्त एकोणीसशे.
ही पॉलिसी आम्ही घेतलीसुद्धा नव्हती गं, मी म्हटलं.
कर्जाच्या वेळी बँकेतला मुलगा ह्यांना सांगत गेला,
इथे सही, इथे, आणि इथे.
तिसऱ्या इथे ती होती.
कर्ज फिटलं. हे गेले. ते तिसरं इथे
दर एप्रिलला खात्यातून पैसे उचलतं.

"वरिष्ठांशी बोलते," ती म्हणाली. आणि मग बासरी वाजत राहिली.

शेजारचे गावंडकाका कुंपणावर हात ठेवून ऐकत होते.
इथं त्यांच्या आजाचं मिठागर होतं.
"त्याला काय इचारतंय बाजू," म्हणाले,
"पानी आयलं नाय गो. पानी परत आयलं."
हे अपिलाच्या फॉर्मात कुठल्या रकान्यात लिहू,
विचारलं मी. ते हसले नाहीत.

अपील पाठवलं आहे. हप्ताही भरला आहे,
हो, भरला, शिव्या देत देत,
कारण बिनविम्याची झोप
मला या वयात परवडत नाही.

आणि उधाणाचं पाणी असतं त्या प्रत्येक संध्याकाळी
उंबऱ्याशी हळदीची जाड रेघ ओढते,
जाळीभोवती कपड्यांच्या निळीची.
कामवाली सुमन म्हणते, बाई, करणी कोणावर?
खोलीत पिवळं पाणी आलं तर पूर.
निळं आलं तर गटार.
वही आणि घड्याळ माळ्यावर,
बॅटरी उशाशी.

हिरवं आलं
तर वाघचौरेंना फोन करणार आहे,
रात्रीचे कितीही वाजलेले असोत.